बायपासनंतर कुळागर मक्त्याने द्यावे का?

पत्राचा सारांश : फोंडा तालुक्यातील ६२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. मे महिन्याच्या आरंभी त्यांची बायपास शस्त्रक्रिया झाली. दहा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी जखम भरली आहे, इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आहे, काळजीचे कारण नाही, असे सांगितले. तरीही आंघोळ, देवपूजा आणि वर्तमानपत्र एवढे आटोपले की अकराच्या सुमारास त्यांना अंथरुणावर पडावेसे वाटते. रात्रीची झोप सलग लागत नाही आणि कधी कधी कारण नसताना डोळे भरून येतात. घराच्या खालच्या उतारावर वाडवडिलांचे सुपारी-नारळाचे कुळागर आहे आणि निवृत्तीनंतर ते स्वतःच त्याची देखरेख करीत असत. आता पत्नी त्यांना पाण्याची कळशीही उचलू देत नाहीत, आणि वेर्ण्याला नोकरीस जाणारा मुलगा कुळागरात उतरूच नका म्हणतो. एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून त्यांनी मासळी आणि नारळ पूर्ण सोडला असून वजन सात किलोंनी उतरले आहे. गावातील एका गृहस्थांनी कुळागर पाच वर्षांच्या मक्त्याने मागितले आहे आणि चतुर्थीपूर्वी होकार-नकार कळवा, असा निरोप दिला आहे. ते विचारतात : “शस्त्रक्रियेपूर्वी छातीत दुखत असे, पण काम होत असे. आता दुखत नाही, पण काम होत नाही. ही सुधारणा कशी म्हणायची? अंगात बळ येईपर्यंत बसून राहावे, की बळ आता येणारच नाही असे धरून कुळागर देऊन टाकावे?”

उत्तर :

नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही विचारलेले दोन्ही पर्याय वरवर परस्परविरोधी दिसतात, पण त्यांच्या तळाशी एकच समजूत आहे. ती अशी की बळ आपणहून येते किंवा येत नाही, आणि माणसाने फक्त त्याची वाट पाहायची असते. कुळागराचा विचार आपण शेवटी करू. आधी ही समजूत तपासून पाहू या, कारण तीच तुम्हाला घरात बसवून ठेवते आहे आणि तीच तुम्हाला कुळागर सोडायलाही लावते आहे.

पहिली गोष्ट तुमच्याच पत्रातील आहे. “पूर्वी काम होत असे” असे तुम्ही म्हणता, परंतु दुसऱ्या पानावर तुम्हीच लिहिले आहे की गेले वर्षभर झरीकडून वर येताना तुम्ही वाटेत दोनदा पायरीवर बसत होता आणि नारळ पाडायला पाडेली आला की त्याच्याबरोबर खालच्या टोकापर्यंत जाणे तुम्ही बंद केले होते. म्हणजे काम होत होते, पण ते आक्रसत चालले होते, आणि छातीतील दुखणे टाळण्यासाठी तुम्ही नकळत आपला वावर कमी करीत आला होता. आज तुम्ही स्वतःची तुलना एप्रिलमधल्या स्वतःशी करीत नसून पाच-सहा वर्षांपूर्वीच्या स्वतःशी करीत आहात. शस्त्रक्रियेने हृदयाच्या स्नायूला रक्त पोहोचण्याची वाट मोकळी केली. त्या वर्षभरात मांड्यांचे, पाठीचे, श्वासाचे जे बळ ओसरले होते ते परत आणणे शस्त्रक्रियेच्या हातात नव्हते.

त्यातच शस्त्रक्रियेने स्वतःचाही भार टाकला आहे. छातीचे हाड मधोमध कापून पुन्हा तारेने बांधले जाते. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरते घट्ट व्हायला साधारण बारा. पायातून शीर काढली असल्यास त्या पायाला सूज आणि बधिरपणा काही महिने राहू शकतो. रक्त जाते, भूक मरते, झोपेची घडी विस्कटते. डॉक्टर तीन महिन्यांचा उल्लेख करतात तो मुख्यतः हाडाच्या संदर्भात असतो, पण घरोघरी त्याचा अर्थ “तीन महिन्यांत माणूस पूर्ववत” असा घेतला जातो आणि चौथा महिना उजाडला की रुग्ण निराश होतो. पूर्ण उमेद परत यायला तीन ते सहा महिने लागणे अगदी सामान्य आहे. आधीपासून हालचाल कमी झालेली असेल आणि मधुमेहही असेल, तर थोडा अधिक काळ लागला म्हणून काही बिघडले आहे असे होत नाही.

आता विश्रांतीविषयी. “जीव वाचला, आता बसून राहा” असे शेजारीपाजारी तुम्हाला मायेनेच सांगतात, आणि एके काळी डॉक्टरांचेही मत तसेच होते. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला अनेक आठवडे पलंगावर निश्चल ठेवण्याची रीत होती. १९५२ साली बोस्टनमधील सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच खुर्चीत बसवावे असे मांडले, तेव्हा ते धाडसाचे वाटले होते. पुढे १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे एक प्रयोग झाला, तो तुम्ही अवश्य लक्षात ठेवावा. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. तेवढ्यात त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे ज्याला आपण दम म्हणतो ती, सरासरी पाव हिश्श्याहून अधिक घटली. नंतरच्या आठ आठवड्यांच्या व्यायामाने ती परत आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वयाने त्यांचा दम जितका कमी केला होता, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केला होता. हे विशीतल्या, धडधाकट मुलांचे झाले. तुम्ही बासष्टाव्या वर्षी, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, तीन महिने घराच्या चार खोल्यांत वावरत आहात. अकरा वाजता येणारा थकवा हा काही अंशी त्या शस्त्रक्रियेचा आहे आणि बऱ्याच अंशी त्या चार खोल्यांचा आहे.

पण याचा अर्थ आजच उठून चालू लागा, असा नाही. तुमच्या पत्रातील दोन-तीन गोष्टी मला आधी तपासून घ्याव्याशा वाटतात, आणि त्यांत सर्वांत महत्त्वाचे ते सात किलो आहेत. मधुमेहाच्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू आहेत, जेवण मात्र निम्म्यावर आले आहे आणि थकवा नेमका सकाळच्या न्याहारीनंतर दोन-तीन तासांनी येतो. अशा वेळी रक्तातील साखर उतरत असण्याची शक्यता आहे. पुढचे चार दिवस अकराच्या सुमारास, पडावेसे वाटेल त्या क्षणी, घरच्या यंत्रावर साखर मोजा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. ती ७० च्या खाली गेली असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. त्याच वेळी रक्तदाबही एकदा बसून आणि एकदा उभे राहून पाहा. वजन उतरले की रक्तदाबाच्या गोळ्याही अनेकदा जास्त ठरतात, आणि गरम पाण्याच्या आंघोळीनंतर उभे राहून केलेल्या पूजेत जी घेरी येते तिचे कारण तिथे सापडू शकते.

हे आकडे घेऊन पुढच्या ओपीडीला जा. डॉक्टरांनी “ठीक आहे” म्हटले ते हृदय, जखम आणि इको यांच्याबद्दल, आणि ते खरेच आहे. परंतु “थकवा आहे” एवढेच सांगितले तर गर्दीच्या ओपीडीत त्यांना तरी काय कळणार? त्याऐवजी कागदावर लिहून विचारा की शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन पुन्हा तपासले आहे का, थायरॉइड पाहिले आहे का, मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर (हृदयाची गती आवरणाऱ्या) गटातील जी गोळी दिली आहे तिची मात्रा किंवा वेळ बदलण्याजोगी आहे का, कारण त्या गोळीने काही जणांना थकवा येतो. कोलेस्टेरॉलच्या गोळीने मांड्या-पोटऱ्या दुखत असतील तर तेही सांगा. मात्र यातील कोणतीही गोळी, विशेषतः अॅस्पिरिन आणि बीटा ब्लॉकर, स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. नव्याने जोडलेल्या वाहिन्या उघड्या राहण्यासाठी अॅस्पिरिन लागते, आणि बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवल्यास हृदयाला धक्का बसू शकतो. अर्जुनसालीचा काढा किंवा आणखी काही घेत असाल तर तेही लपवू नका.

जेवणाबद्दल मला थोडे ठामपणे लिहायचे आहे. ज्या नातेवाइकांनी तुम्हाला मासळी सोडायला लावली त्यांचा हेतू चांगला असेल, पण पेज आणि उकडलेली भाजी एवढ्यावर कापलेले हाड सांधत नाही की झिजलेला स्नायू भरून येत नाही. त्यासाठी प्रथिने लागतात. बांगडा आणि तारले यांतील तेल हृदयाला अपायकारक नाही, उलट मासळी हृदयरोग्यांना आठवड्यातून दोनदा खायला सांगतात. टाळायची आहे ती रव्यात घोळवून तळलेली मासळी, आणि त्याहून अधिक खारवलेली आणि सुकी मासळी, पारा (सुक्या मासळीचे लोणचे), इतर लोणची, पापड. दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आतच मीठ असावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि पेजेबरोबर खाल्लेला खारा बांगडा त्यातील बराच हिस्सा एकटाच घेतो. हुमणातील, म्हणजे मासळीच्या आमटीतील, नारळ निम्मा करता येईल, तो पूर्ण बंद करण्याची गरज नाही. मुगागाठी, ताक, अंड्याचा पांढरा भाग हेही आहेच. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान करून पाहा. अकराचा थकवा त्यानेही कमी होईल. रुग्णालयातील आहारतज्ज्ञांना एकदा भेटून मधुमेहासह पूर्ण तक्ता करून घ्या, आणि मग कोणत्याही नातेवाइकांना तो दाखवता येईल.

डोळे भरून येण्याबद्दल तुम्ही संकोचून, कंसात लिहिले आहे. तो कंस काढून टाका. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर असे रडू येणे, चिडचिड होणे, वाचलेले ध्यानात न राहणे हे फार जणांना होते, आणि बहुतेकांचे ते काही आठवड्यांत निवळते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास असेल आणि ज्यात पूर्वी रस वाटे ते काहीच करावेसे वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकते, आणि त्यावर उपचार घेणे हे औषधाच्या गोळीइतकेच आवश्यक आहे, कारण नैराश्याने हृदयाची बरे होण्याची गतीही मंदावते. आपल्या गोव्यातच या विषयावर मोलाचे काम झाले आहे. ‘सांगात’ या संस्थेने येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशकांकरवी, जे स्वतः डॉक्टर नव्हते, तीव्र नैराश्याच्या रुग्णांना एक साधी उपचारपद्धती दिली, आणि तिचा उपयोग होतो हे दाखवणारा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या पद्धतीचा गाभा असा की मन लागण्याची वाट पाहत बसायचे नाही, लहानशा, ठरवलेल्या, आपल्याला अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामाला हात घालायचा, म्हणजे मन मागोमाग येते. शरीराच्या बळाबाबतही मला तुम्हाला नेमके हेच सांगायचे आहे.

तर आता चालण्याकडे येऊ. रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट असतील तर त्यांच्याकडून सहा मिनिटांची चालण्याची चाचणी करून घ्या. त्यातून कुठून आरंभ करावा हे कळते आणि दोन महिन्यांनी किती फरक पडला हेही मोजता येते. त्यांनी आणि डॉक्टरांनी होकार दिला की सपाट जागेवर दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी सात-आठ मिनिटे, एवढ्यानेच सुरुवात करा. दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवत जा. हळूहळू एका वेळी तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, एवढे झाले की पुष्कळ झाले. जेवणानंतर तासभर तरी थांबा. नाडी मोजून वेग ठरवू नका, कारण बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी मुद्दामच वाढू दिलेली नसते. तुम्ही भजनी मंडळात गाता असे लिहिले आहे, म्हणून तुमच्यासाठी सोपे माप सांगतो : चालताना सोबतच्या माणसाशी वाक्य न तोडता बोलता आले पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग सहज म्हणता आला तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही, आणि बोलतानाच शब्द तुटू लागले तर वेग कमी करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त गळून गेल्यासारखे वाटले, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून एक पायरी मागे यावे. त्यात हार मानण्यासारखे काही नाही.

पावसाळा हा आपल्याकडे खरा अडथळा आहे. शेवाळलेल्या चिऱ्यांवर पाय घसरला आणि छातीवर पडलात, तर तीन महिन्यांची कमाई जाईल. पाऊस आहे तोवर राजांगणाभोवती, म्हणजे घराच्या मधल्या चौकाभोवती, किंवा लांब ओसरीवर फेऱ्या घाला. देवळाचा सभामंडप दुपारी रिकामा असतो, तोही चांगला. आठवड्यातून दोनदा कोणी गाडीने नेणार असेल, तर मंगेशी किंवा म्हार्दोळच्या देवळाच्या फरसबंद आवारात, पाऊस उघडला असताना, सपाट आणि मोठी चाल मिळते.

कुळागरात उतरण्याची एक अडचण आहे आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. डोंगर चढणारा माणूस दमला तर मागे फिरतो आणि उतार त्याला घरी आणतो. कुळागर मात्र घराच्या खाली असते. उतरताना काही वाटत नाही, उत्साहात माणूस खालच्या पाटापर्यंत जातो आणि सगळी चढण दमलेल्या पायांनी चढावी लागते. वर्षभर तुम्ही वाटेत बसत होता ते याच परतीच्या चढावर. म्हणून हाड पक्के झाले आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यावरच, पाऊस ओसरल्यावर आणि पायऱ्यांवरील शेवाळ मुलाकडून खरवडून घेतल्यावर, पहिल्या टप्प्यापर्यंतच उतरा. तिथे एक स्टूल किंवा चिऱ्याचा ओटा करून घ्या, बसा, झाडे पाहा आणि परत या. चढताना हातात काहीही नको, पडलेली एक नारळाची झावळी उचलली तरी श्वास अडतो. पुढचा टप्पा आधीचा सोपा वाटू लागला की मगच घ्यायचा. मोबाइल खिशात असू द्या, आणि आरंभी एकटे जाऊ नका.

कोणती कामे केव्हा, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण बागायतीत राबणाऱ्या इतर वाचकांनाही ते उपयोगी पडेल. मजुरांवर देखरेख, सुपारीची मोजणी, हिशेब, खाली बसून मिरीचे घोस निवडणे, पाण्याची झडप फिरवणे ही कामे लवकर हाती घेता येतात. कोयत्याने हलकी छाटणी एका हाताने होते, पण छातीला ताण पडणार नाही इतकीच करावी. कुदळ मारणे, पाट उपसणे, पोती उचलणे, झाडाचा ओंडका ओढणे यांत दोन्ही हातांचा जोर छातीच्या हाडावर येतो आणि माणूस नकळत श्वास रोखून धरतो. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. ही कामे शल्यविशारदांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय करू नयेत, आणि पुढेही करताना जोर लावण्याच्या क्षणी श्वास बाहेर सोडायची सवय लावून घ्यावी. मोरचुदाची फवारणी यापुढे दुसऱ्यावर सोपवणेच मला योग्य वाटते.

चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी तुम्हीच बांधता आणि यंदा ती कोण बांधणार ही खंत तुम्ही व्यक्त केली आहे. नारळांची पेंड (घोस), सुपारीचा कातरा (घोस), केळ्यांचा घड हे डोक्याच्या वर हात धरून बांधायचे काम यंदा मुलाने आणि पुतण्यांनी करावे. चौकट खाली असतानाच चिबूड, तोरिंजन, कवंडळे यांची जागा ठरवणे, लहान फळांच्या गाठी मारणे, काय कुठे शोभेल आणि रानातून काय आणायचे राहिले हे सांगणे, एवढे तुम्ही खुर्चीत बसून करू शकता. मुलाला यातले किती येते हेही तुम्हाला या निमित्ताने कळेल. आरतीला उभे न राहता बसा, घुमट या वाद्यावर ठेका धरा, पण सगळ्या वाड्यावर आरतीसाठी फिरण्याचा नेम यंदा मोडा. घरची आणि शेजारची एखादी, एवढे पुरे. गाणे सोडू नका. दीर्घ श्वास घेऊन हळू सोडत गाणे हा फुप्फुसांचा उत्तम व्यायाम आहे. फक्त वरच्या पट्टीत ताण देऊन म्हणणे काही काळ टाळा.

तुमच्या पत्नींविषयी तुम्ही जरा त्रासून लिहिले आहे. त्यांनी तुम्हाला अतिदक्षता विभागात नळ्यांनी वेढलेले पाहिले आहे. त्या वेळी तुम्ही शुद्धीवर नव्हता, त्यामुळे ते दृश्य तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. कळशी हातातून काढून घेताना त्यांच्या डोळ्यांसमोर तेच असते. “मला काही होत नाही” म्हणून हा धसका जाणार नाही. पुढच्या ओपीडीला त्यांना आत घेऊन जा आणि कोणती कामे करावीत, कोणती करू नयेत, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. घरी येऊन दोघांनी मिळून ठरवा की या पाच गोष्टींना त्या अडवणार नाहीत आणि त्या तीन गोष्टी तुम्ही त्यांच्या नकळत करणार नाही. फेऱ्या घालताना त्यांना सोबत घ्या. आणि मे महिन्यापासून त्या एक रात्रही माहेरी किंवा बहिणीकडे गेलेल्या नसतील, तर मुलाने घरी राहून त्यांना दोन दिवस मोकळे करावे. त्यांचा थकवा कोणत्याही इकोत दिसत नाही, पण तो आहे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. दुचाकी चालवण्यासाठी शल्यविशारदांचा स्पष्ट होकार घ्या. खड्डा चुकवताना हँडलला बसणारा झटका थेट छातीच्या हाडाला लागतो. दुसरी गोष्ट विचारायला पुष्कळ वाचक संकोचतात : पती-पत्नीसंबंध पुन्हा सुरू करण्यास सहसा अडचण नसते. छातीचे हाड सांधलेले असेल आणि दोन जिने छातीत न दुखता, फारशी धाप न लागता चढता येत असतील, तर बहुतेकांना ते सुरक्षित असते. मात्र त्यासाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत, कारण जिभेखाली ठेवण्याच्या नायट्रेट गोळीबरोबर त्या घेतल्यास रक्तदाब धोकादायकपणे उतरतो.

थकवा आणि धोका यांतील फरक घरातल्या सर्वांना माहीत असावा. छातीत दाब, घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, शुद्ध हरपणे, बसल्या जागी लागलेली धाप, यांपैकी काही झाले तर १०८ वर फोन करा. घरच्या गाडीने जाण्याचा विचार करीत बसू नका. आडवे झाल्यावर दम लागणे, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोहून अधिक वाढणे, दोन्ही पायांना सूज, छाती अनियमित धडधडणे, ताप, जखमेतून स्राव किंवा हालचाल करताना हाडात कट्कट होणे, यांसाठी पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आता मक्त्याचा प्रश्न. ज्या माणसाची साखर, हिमोग्लोबिन आणि झोप यांचाच अजून पत्ता लागलेला नाही, त्याने पाच वर्षांचा निर्णय तीन आठवड्यांत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चतुर्थीची मुदत त्या गृहस्थांच्या सोयीची आहे, तुमच्या प्रकृतीशी तिचा काही संबंध नाही. शिवाय आपल्याकडे जमीन दुसऱ्याच्या हाती कोणत्या अटींवर दिली याला किती महत्त्व असते, हे १९६४ च्या कूळ कायद्यानंतर गोव्यातील प्रत्येक बागायतदार जाणतो. वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय पाच वर्षांच्या कोणत्याही कागदावर सही करू नका, मग तुम्ही अगदी धट्टेकट्टे असला तरी. परंतु येत्या हंगामाचा भार तुमच्यावर नको, हेही तितकेच खरे आहे. नोव्हेंबरपासून सुपारी उतरू लागेल आणि तोवर तुम्ही पायऱ्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यापर्यंत आलेले असाल, त्यापुढे नाही. म्हणून मधला मार्ग असा सुचवतो की जमीन ताब्यात न देता केवळ या हंगामाचे उत्पन्न, म्हणजे झाडावरील सुपारी आणि नारळ, ठरावीक रकमेला विकावे. काढणी, वाहतूक आणि मजूर त्या गृहस्थांचे, आणि पाण्याची व देखरेखीची जबाबदारी तुमची. हाही करार लेखीच करावा आणि त्यात हंगाम संपल्याची तारीख घालावी. ते राजी नसतील तर दुसरे कोणी मिळेल. या व्यवहारात मुलाला पुढे करा आणि तुम्ही जवळ बसा. पुढे-मागे कुळागर त्याच्याकडेच यायचे असेल, तर पाडेली कोण, मजुरी किती, कोणत्या झाडाला सुपारी कुजवणारा कोळे रोग लवकर लागतो, हे त्याला या वर्षापासूनच कळू लागले पाहिजे, तुमची तब्येत कशीही असली तरी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सुपारी उतरून झाल्यावर, वजनाचा, साखरेचा आणि चालण्याच्या मिनिटांचा कागद समोर ठेवून, पत्नी आणि मुलगा यांच्यासह हा विषय पुन्हा काढा. तेव्हाही कुळागर देऊन टाकावेसे वाटले तर खुशाल द्या. बासष्ट वर्षांच्या माणसाने भार कमी करणे यात काही गैर नाही. त्या गृहस्थांना मात्र आजच निरोप पाठवा की पाच वर्षांचे काही ठरणार नाही, यंदाच्या पिकाबद्दल बोलायचे असेल तर चतुर्थीनंतर या.